वाचकांचे प्रश्न : जुन्या छोट्या इंजिनाला सुपरचार्जर

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझ्याकडे १९६७ सालची मॉरिस मायनर १००० ही गाडी आहे आणि तिचे १०९८ सी.सी.चे मूळ इंजिन चांगले चालते, मात्र चढावर आणि मोटरवेवर ते फार लवकर दमते. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीतील मिनी कूपर एसमधून काढलेला ईटन एम४५ हा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून त्यात दाबाने हवा भरणारा पंप, मला भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळाला. घरच्या गॅरेजमध्ये ड्रिल, वेल्डिंग यंत्र आणि साधी हत्यारे आहेत, लेथ नाही. हा सुपरचार्जर मी स्वतः बसवू शकेन का, त्याने किती ताकद वाढेल आणि इंजिन टिकेल का?

उत्तर : बसवू शकाल आणि इंजिन टिकेलही, परंतु दाब कमी ठेवण्याची शिस्त आपण शेवटपर्यंत पाळली तरच. सुपरचार्जर बसवून बिघडलेली जी जुनी इंजिने मी उघडून पाहिली आहेत, त्यांपैकी बहुतेकांत दोष पंपाचा किंवा जोडकामाचा नव्हता. पहिल्या महिन्यात गाडी छान पळाली म्हणून मालकाने लहान पुली लावून दाब वाढवला आणि तिथेच इंजिनाचा घात झाला. आपण आजच एक आकडा ठरवून टाका : पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत, बाहेरच्या हवेपेक्षा ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) जास्त दाब, म्हणजे सुमारे ०.४ बार. पुढचा सगळा हिशेब मी हाच आकडा धरून मांडतो.

आपले इंजिन ज्या घराण्यातले आहे, त्या ए-सिरीजला सुपरचार्जर नवा नाही. १९५१ साली ऑस्टिन ए३० या गाडीत ८०३ सी.सी.चे रूप घेऊन आलेले हे इंजिन २००० साली मूळ मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत बनत राहिले. पन्नास आणि साठच्या दशकांत शोरॉकसारख्या ब्रिटिश कंपन्या मायनर व मिनीसाठी सुपरचार्जरचे तयार संच विकत असत, आणि ते घरी बसवणारे लोक आपल्यासारखेच हौशी होते. पुढे ऐंशीच्या दशकात कारखान्यानेच एमजी मेट्रो टर्बोमध्ये या इंजिनाच्या १२७५ सी.सी. रूपाला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप, जोडून ९३ अश्वशक्ती काढली. ते करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले वापरले, कारण वाढलेली उष्णता कुठे साचते हे त्यांना ठाऊक होते.

या इंजिनाला दाबाची हवा मानवते यामागे एक कारण आहे. ए-सिरीजच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, चार सिलिंडरना आत येण्यासाठी फक्त दोनच वाटा आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेवर. जोडीतल्या दोघांना ओढ जवळजवळ लागोपाठ येते, त्यामुळे एकाच्या वाट्याचे मिश्रण दुसरा पळवतो. नुसत्या ओढीवर चालणाऱ्या इंजिनात हा दोष काढण्यासाठी कॅम, कार्बुरेटर आणि हेडच्या घासकामावर लोकांनी आयुष्ये घालवली आहेत. मॅनिफोल्डमध्ये मिश्रण दाबाने उभे असले की ही ओढाताण बरीच शांत होते, कारण वाट अरुंद असली तरी तिच्या तोंडाशी दाबाखालचे मिश्रण सतत तयार असते.

आता दुबळी बाजूही सांगतो. आपल्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४.५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३.७२ मिलिमीटर आहे. क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर फिरतो आणि मायनरच्या १०९८ मध्ये त्या बेअरिंगांचा व्यास पावणेदोन इंचच आहे. लांब स्ट्रोक आणि बारीक क्रँक अशी ही जोडी जास्त आरपीएमवर थरथरते. म्हणून या इंजिनाची ताकद आरपीएम वाढवून काढण्यापेक्षा कमी आरपीएमवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून काढणे मला अधिक सुरक्षित वाटते, आणि आपल्या एम४५ सारखा रूट्स जातीचा, दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणारा सुपरचार्जर नेमके तेच करतो. ५,००० आरपीएमच्या वर न जाण्याची सवय ठेवा. या यंत्राचे सुख २,००० ते ४,००० या पट्ट्यात आहे.

हिशेब असा. चार स्ट्रोकचे इंजिन एका फेऱ्यात आपल्या आकारमानाच्या निम्मी हवा घेते, म्हणजे ५४९ सी.सी., आणि भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर प्रत्यक्षात सुमारे ४६७ सी.सी. एम४५ या नावातील ४५ म्हणजे पंपाच्या एका फेऱ्यात सरकणारे घनइंच, आपल्या मापात जवळजवळ ७३७ सी.सी. पंप इंजिनाच्या १.१ पट वेगाने फिरवला तर इंजिनाच्या दर फेऱ्याला तो ८११ सी.सी. सरकवेल. रोटरच्या फटींतून होणारी गळती पाव हिस्सा धरा, तरी सुमारे ६०८ सी.सी. हवा पोचेल. ६०८ ला ४६७ ने भागले की १.३ येते, म्हणजे इंजिनाला पूर्वीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त हवा मिळेल. क्रँकची पुली १२० मिलिमीटर व्यासाची असेल, तर पंपाची पुली १०९ मिलिमीटरच्या आसपास लागेल. बीएमडब्ल्यूच्या मिनीत हा पंप इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगाने फिरत असे, म्हणून त्याच्यावर आलेली मूळ लहान पुली आपल्याला चालणार नाही. पंपाची स्वतःची वेगमर्यादा मिनिटाला सुमारे १४,००० फेऱ्यांची आहे. आपण तिच्या निम्म्यापर्यंतही जाणार नाही, त्यामुळे पंपाच्या आयुष्याची चिंता नको. गळतीचा माझा आकडा अंदाजाचा आहे, तेव्हा पंपाची पहिली पुली किंचित मोठीच करून घ्या आणि दाबमापक काय दाखवतो ते पाहून मग दुसरी करा.

यातून मिळणार काय? कारखान्याच्या मापाने हे इंजिन ५,१०० आरपीएमवर ४८ अश्वशक्ती देते. पंप फिरवायला लागणारी ताकद वजा जाता आपण साठच्या आसपास पोचाल. आकडा छोटा वाटेल, पण खरा फरक टॉर्कमध्ये आहे. २,५०० आरपीएमवर जिथे ८१ न्यूटन-मीटर होते, तिथे शंभराच्या जवळपास मिळतील, आणि ज्या चढावर आज आपण तिसरा गिअर टाकता तो चढ चौथ्यावर निघेल.

खरा शत्रू उष्णता आहे. २० अंशांची हवा १.४ पट दाबापर्यंत दाबली की आदर्श पंपातही ती सुमारे ३० अंशांनी तापते. रूट्स पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर वाढ ५४ अंशांच्या घरात जाते आणि सुमारे ७४ अंशांची हवा इंजिनाकडे येते. पेट्रोल उडून जाताना त्यातली काही उष्णता शोषते, पण सगळी नाही. अशा तापलेल्या मिश्रणावर पिस्टनने पुन्हा दाब आणला की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. साध्या इंजिनात नॉकिंगचा आवाज नुसता त्रासदायक असतो, दाबाखालच्या इंजिनात मात्र काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते.

म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली जागा तो वर आल्यावर उरणाऱ्या जागेच्या किती पट आहे ते प्रमाण, मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आपल्या इंजिनाचे छापील प्रमाण ८.५ आहे, परंतु साठ वर्षांच्या आयुष्यात हेड कितीदा घासले गेले असेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि प्रत्येक घासणीने ते प्रमाण वर गेलेले असते. मोजणी घरी सहज होते. हेड काढून उलटे ठेवा, व्हॉल्व्ह व प्लग जागेवर असू द्या, कंबश्चन चेंबरवर ग्रीसचा पातळ थर लावून मधोमध छिद्र असलेली पर्स्पेक्सची जाड काच बसवा, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मापाच्या सिरिंजने किंवा ब्युरेटने रॉकेल भरून किती सी.सी. मावते ते लिहून ठेवा. त्यात गॅसकेटची जाडी आणि पिस्टन वर आला असता ब्लॉकच्या पातळीखाली उरणारी जागा मिळवा. एका सिलिंडरचे आकारमान २७४.२ सी.सी. आहे. प्रमाण ८.५ असेल तर वर एकूण ३६.६ सी.सी. जागा असायला हवी, आणि ते ८ वर आणायचे असेल तर ३९.२ सी.सी., म्हणजे प्रत्येक चेंबरमध्ये अवघी २.६ सी.सी. वाढवायची. ही जागा चेंबरची भिंत घासून, व्हॉल्व्हांच्या भोवतीची धारदार कड गोल करून मिळवता येते. काही जण त्यासाठी दोन गॅसकेट एकावर एक घालतात. ते करू नका, कारण त्याने सांधा कमकुवत होतो आणि पिस्टन व हेड यांच्यामधली जी चिंचोळी जागा मिश्रणाला घुसळते, तीच नाहीशी होते. चारही चेंबर अर्ध्या सी.सी.च्या आत सारखे आले पाहिजेत. हे काम कंटाळवाणे आहे, आणि यात घालवलेला एक रविवार मला पूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा वाटतो.

हेड उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरचा दाब मापकाने तपासा. चारांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, किंवा तेल भरण्याच्या झाकणातून धूर येत असेल, तर आधी रिंगा, बेअरिंगे आणि व्हॉल्व्ह नवे करा. थकलेल्या इंजिनाला सुपरचार्जर लावणे हे दमेकऱ्याला चढावर पळवण्यासारखे आहे.

जोडकामात लोक पंपाकडे लक्ष देतात आणि कंसाकडे, म्हणजे पंप धरणाऱ्या ब्रॅकेटकडे, दुर्लक्ष करतात. मी पहिल्यांदा असे काम केले तेव्हा सहा मिलिमीटरची पट्टी पुरेशी वाटली होती. इंजिन चालू झाल्यावर ती डोळ्यांना न दिसेल इतकी वाकत होती आणि पट्टा आठवड्यात तीनदा उडाला. नंतर बारा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पाटी घेऊन पंप पुढून आणि मागून अशा दोन्ही टोकांना बांधला, तेव्हा तो त्रास कायमचा गेला. आपल्याकडे लेथ नाही याची अडचण पुली करण्यापुरतीच आहे, त्या कोणत्याही लहान वर्कशॉपमधून करून घ्या. मायनरचा मूळ व्ही-पट्टा पाण्याच्या पंपाला आणि डायनॅमोला राहू द्या. सुपरचार्जरला सहा खाचांचा वेगळा सपाट पट्टा हवा, लहान पुलीभोवती त्याचा किमान अर्धा वेढा हवा, आणि ताण देण्यासाठी एक आयडलर हवा. सर्व पुल्यांची तोंडे एका रेषेत आहेत की नाहीत हे पोलादी पट्टी लावून पाहा, एक मिलिमीटरचा फरकसुद्धा पट्ट्याची कड खातो.

मिनीतला हा पंप विकत घेणाऱ्याने त्याची मागची बाजू अवश्य पाहावी. तिथे पाण्याचा पंप फिरवणारे गिअर असतात, आणि त्यांतले तेल आटले की दात झिजतात. आपल्याला ते गिअर लागणार नाहीत, पण तिथले तोंड नीट बंद करून दोन्ही कप्प्यांतले तेल बदलून घ्या. रोटर हाताने फिरवा. खरखर लागली किंवा एकमेकांना टेकल्याच्या खुणा दिसल्या तर तो पंप परत करा.

ठिणगीची वेळ मागे आणावी लागेल. दर पीएसआयमागे साधारण एक अंश हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरतो. पूर्ण दाबावर एकूण ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, ३० अंश असेल तर तो २४ च्या आसपास आणून चाचणी घ्या. प्लग एक पायरी थंड घ्या, म्हणजे बीपी६ईएसच्या जागी बीपी७ईएस. मिश्रण दाबाखाली दाट हवे, म्हणजे वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साडेअकरा ते बारा भाग. हे कानाने कळत नाही, म्हणून एक्झॉस्टच्या पाइपात हे प्रमाण दाखवणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवा. इथे एक गोष्ट विसरू नका : मायनरची विजेची जोडणी धन टोक बॉडीला असलेली आहे आणि असे बहुतेक सेन्सर ऋण टोक बॉडीला धरून बनवलेले असतात. आधी जोडणी बदला, डायनॅमोला नवी ध्रुवता द्या, मगच ते लावा. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपण मात्र ९७ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे सुपर पेट्रोलच भरा.

शेवटी ब्रेक. खरे तर ते आधी करायचे काम आहे. १०९८ च्या मायनरला पुढे आठ इंचांचे आणि मागे सात इंचांचे ड्रम आहेत आणि ते ४८ अश्वशक्तीच्या गाडीसाठी आहेत. पुढे डिस्क बसवल्याशिवाय पंप चालू करू नका. ब्रेकला सर्वो, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारे साधन, लावणार असाल तर त्याच्या नळीत एकदिशा झडप हवीच, कारण ज्या मॅनिफोल्डमधून तो ओढ घेतो तिथे आता कधी कधी दाब असणार आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर भरपाई नाकारली जाऊ शकते.

प्रश्न : कार्बुरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवावा की नंतर, यावर आमच्या मित्रमंडळात मतभेद आहेत. घरगुती कामासाठी आपण काय सुचवाल? (कोल्हापूर)

उत्तर : घरगुती कामासाठी आधी, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्बुरेटर आधी असला की त्याला नेहमीसारखी ओढच लागते, त्याच्या फ्लोटच्या भांड्यावर, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यावर, किंवा पेट्रोलच्या पंपावर दाबाचा काही परिणाम होत नाही, आणि पावणेदोन इंचांचा एकच एसयू एचआयएफ४४ कार्बुरेटर योग्य नीडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई) घालून सगळे काम निभावतो. पेट्रोलचे थेंब रोटरमधून जाताना बारीक होतात आणि पंपालाही थंड ठेवतात. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ओढीनुसार ठिणगीची वेळ बदलणारी) नळी कार्बुरेटरवरच राहू द्यायची. थ्रॉटल पूर्ण उघडला की तिथली ओढ जाते आणि ॲडव्हान्स आपोआप कमी होतो, म्हणजे दाबाच्या वेळी जे हवे तेच घडते.

या मांडणीत एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. पंपापासून हेडपर्यंतची सगळी पोकळी पेटणाऱ्या मिश्रणाने भरलेली असते. इंजिनाने मागे भडका घेतला, तर ती सगळी एकदम पेटते. त्यासाठी मॅनिफोल्डवर स्प्रिंगची सुरक्षा झडप बसवलीच पाहिजे. ती नेहमीच्या दाबाला बंद राहावी आणि भडक्याला उघडावी, आणि तिचे तोंड माणसाकडे, पेट्रोलच्या नळीकडे किंवा एक्झॉस्टकडे असू नये. ए-सिरीजमध्ये कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने मध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा घाला, पेट्रोलच्या नळ्या नव्या घ्या आणि गाडीत अग्निशामक ठेवा. या मांडणीत इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, लावायचा नाही, कारण थंड नळ्यांमध्ये पेट्रोल साचून राहते.

कार्बुरेटर नंतर बसवला तर मधल्या नळीत कोरडी हवाच असते आणि इंटरकूलर लावता येतो, हा फायदा खरा आहे. मेट्रो टर्बोमध्ये कारखान्याने हीच पद्धत निवडली होती. परंतु तेव्हा फ्लोटच्या भांड्याला मॅनिफोल्डइतकाच दाब द्यावा लागतो, पेट्रोलच्या पंपाचा दाब त्याच्या वर थोडा आणि त्याच प्रमाणात वाढत राहावा लागतो, आणि थ्रॉटलच्या दांड्याची सील पेट्रोल बाहेर फवारणार नाही इतकी घट्ट लागते. यातले एक जरी चुकले तरी नेमक्या पूर्ण दाबाच्या क्षणी मिश्रण पातळ होते. ज्यांच्याकडे मोजमापाची साधने आणि अनुभव दोन्ही आहेत, त्यांनीच या वाटेला जावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी पदविकेची विद्यार्थिनी आहे. इंटरनेटवर बारा व्होल्टवर चालणारे ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ दोन-तीन हजार रुपयांना दिसतात. जुन्या गाडीला पट्टा आणि पुली टाळून हा सोपा उपाय चालेल का? (नाशिक)

उत्तर : चालणार नाही, आणि ते का हे आपण स्वतः हिशेब करून पाहू शकता. वरच्या उत्तरातला पंप ५,००० आरपीएमवर सेकंदाला ०.०६७६ घनमीटर आकारमान सरकवतो आणि ४०,००० पास्कल दाबाविरुद्ध सरकवतो. दोन्हींचा गुणाकार सुमारे २,७०० वॅट, म्हणजे साडेतीन अश्वशक्तीहून थोडा अधिक. घर्षण धरले तर पाच अश्वशक्तीच्या जवळ. हीच ताकद बारा व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर घर्षण सोडूनही सव्वादोनशे ॲम्पिअर प्रवाह लागेल. त्या जाहिरातीत दाखवलेल्या पंख्याची तार किती जाड आहे ते पाहा. पाच-दहा ॲम्पिअरच्या पंख्याने दाब निर्माण होत नाही, उलट इंजिनाला जास्त हवा हवी असते तेव्हा तो वाटेत आडवा येतो. नव्या काही महागड्या गाड्यांत खरे विजेचे कंप्रेसर असतात, पण त्यांच्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा दिलेली असते, याचे कारणही हाच हिशेब आहे.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचे, रंगही मूळचाच. तिला लहान सुपरचार्जर बसवावा अशी माझ्या मुलाची फार इच्छा आहे. तांत्रिक आणि कायदेशीर बाजू कळवावी. (पुणे)

उत्तर : तांत्रिक बाजू वरच्या उत्तरांपेक्षा फार वेगळी नाही. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे आहे, म्हणजे आकाराने मायनरच्या इंजिनाचे सख्खे भावंड शोभेल असे. हेडची मोजणी, ठिणगीची वेळ, ब्रॅकेटची जाडी हे सगळे नियम तेच. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ते तापून वाकले आहे का हे मात्र आधी पाहावे लागेल.

कायद्याची बाजू वेगळी आहे आणि तिच्यामुळे मी आपल्याला नको असेच म्हणेन. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे कलम कडकपणे लावले आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि प्रत्येक वेळी गाडी आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी राहते, तेव्हा हा बदल लपून राहणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, परंतु ती मूळ रूपात असली पाहिजे आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आपली गाडी आज या अटीत बसते. सुपरचार्जर बसवला, तर ती बसेल असे मी म्हणू शकत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी निघून गेली. मूळ इंजिन आणि मूळ रंग असलेल्या पद्मिनी आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि आपल्या वडिलांची गाडी त्यांपैकी एक आहे. ती तशीच जपावी असे मला मनापासून वाटते.

मुलाच्या उत्साहाला मात्र वाट द्या. आजचे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे. त्याचा ऑक्टेन आकडा चांगला असला, तरी सोलेक्स कार्बुरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ पडते आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम फुगतात. मुलाकडून पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घालून घ्या, जेट एक पायरी मोठे करून प्लगचा रंग पाहायला शिकवा, डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये हलतो का ते तपासून बुश नवी घाला, आणि रेडिएटर उघडून आतला गाळ काढा. अनेक जुन्या पद्मिनींची हरवलेली ताकद याच चार जागांत अडकलेली असते. तरीही त्याला सुपरचार्जरचा अनुभव घ्यायचाच असेल, तर एक जुने सुटे इंजिन विकत घ्यावे, ते लोखंडी चौकटीवर बसवून मोकळ्या जागेत चालवावे, दाबमापक आणि तापमापक लावून वर सांगितलेली सगळी मोजणी त्याच्यावर करावी. त्या इंजिनाला गाडीत जायचेच नसल्याने पिस्टन तुटला, तरी तो हातात घेऊन कुठे आणि का तुटला हे पाहता येईल. चौकट बनवण्यापूर्वी मुलाने मला पत्र लिहिले, तर क्रँकच्या बाजूच्या आधाराचा आराखडा मी पाठवीन.